तळटीप

यंत्र म्हणालं, अकरा टक्के.
म्हणजे हिरवं. म्हणजे जाऊ द्या.
खाजनांवरचा लेख, सव्वीस पानं, डॉ. कुंकळ्येंकर,
संदर्भसूची अशी कडक इस्त्रीची
की बोट लावायला भीती वाटावी.

फोंड्याच्या कचेरीत वाचत होते,
वरच्या मजल्यावर, जिथे आमच्या त्रैमासिकाची
एक खुर्ची, एक कपाट
आणि वर्गणी थकलेल्यांची यादी राहते.
नवव्या पानावर थांबले:
चोडणचा बांध फुटला, १९७६ साली.

बांध फुटला सदुसष्टला.
त्याचं शहात्तर झालं म्हापशाच्या एका टंकलेखकाच्या बोटांत,
सुलक्षा तारीच्या प्रबंधात, पान एकशे चार.
मी मार्गदर्शक. मी त्या आकड्याभोवती पेन्सिल फिरवली होती,
पण पान पुन्हा टाइप करायला तिच्याकडे पैसे नव्हते.
आता तीच चूक, इंग्रजीतून मराठीत,
कपडे बदलून माझ्या टेबलावर.
वाक्य फिरवता येतं, क्रम हलवता येतो,
चूक मात्र जशीच्या तशी उचलली जाते,
कारण ती चूक आहे
हे उचलणाऱ्याला ठाऊक नसतं.

प्रबंध ग्रंथालयातून मागवला.
दोन रात्री दोन्ही शेजारी ठेवून रेघा मारल्या.
चौदा परिच्छेद.
मग पत्र. आरोप नाही, प्रश्न:
हे साम्य कसं ते कळवावं, मुदत तीन आठवडे.
'चोरी' हा शब्द तीनदा लिहिला, तीनदा खोडला.

उत्तर आलं बाविसाव्या दिवशी.
आधी, हे तर सर्वांना माहीत असलेलं आहे.
मग, कच्चा मसुदा विद्यार्थ्याने केला होता.
मग, अवतरणचिन्हं घालून देतो, किती हवीत?

भाटीकरबाबांचा फोन. मंडळातले सगळ्यांत जुने.
"लेख परत पाठव, कारण लिहू नकोस.
माणूस आपला आहे. पुढच्या महिन्यात मुलीचं लग्न."
मी म्हटलं, कारण न लिहिता पाठवला
तर परवा तो कोल्हापुरात कुणाच्या तरी टेबलावर असेल.
ते गप्प झाले. मग म्हणाले, "जेवलीस?"

कारण लिहिलं.
विद्यापीठाला दोन्ही मजकूर कळवले, रेघांसकट.

आणि रायबंदरहून फेरी धरली,
सुलक्षाला निदान सांगावं म्हणून.
चोडणला तिचं झेरॉक्सचं दुकान आहे
(हसू नका, मीही हसले नाही).
तिने पानं चाळली, एका ओळीवर बोट ठेवलं:
मानस पाण्याचं ऐकते, माणसाचं नाही.
"हें म्हजें न्हय, बाई. हें आबल्याचें."

आबलो मानशीकार.
भरतीला दार मिटतं, ओहोटीला उघडतं,
हे चाळीस वर्षं बांधावर बसून पाहिलेला.
त्याचे शब्द: मानस उदकाचें आयकता, मनशाचें न्हय.
मानस आणि मनीस, त्यात एक खेळ आहे.
तिच्या इंग्रजीत तो बुडाला होता.
डॉक्टरांच्या उचललेल्या मराठीत, त्यांच्या नकळत,
पुन्हा वर आला.

"नांव घाल्लें हांवें," ती म्हणाली,
"तुमीच काडूंक लायलें."

आठवलं. लाल शाई, माझं अक्षर:
आडनाव नाही, साल नाही, ग्रंथ नाही.
हा संदर्भ होऊ शकत नाही.

दुकानात कुणाचं तरी आधार कार्ड निघत होतं,
एकासारखं एक, चार प्रती.
पाचवी काळी आली. तिने ती फाडून टोपलीत टाकली.

पुढच्या अंकाच्या शेवटच्या पानावर
एक शुद्धिपत्र आहे. अंकाचं नाही, माझं.
प्रबंधाचं पान एकशे चार,
साल सदुसष्ट वाचावं.
त्याच पानावरचं मानशीचं वाक्य आबल्याचं आहे,
राहणार चोडण.
आडनाव अजून मिळालेलं नाही.